आपल्या माणसाची तपासणी

दि. ६ जून

ती. ताईस,
तुझ्या सहा फुटी टिल्लूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझ्या वजनाबद्दलचा परिच्छेद हिने दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. एकदा मला, आणि माझं लक्ष नव्हतं असं वाटलं म्हणून पुन्हा मलाच. दुकान बरं चाललंय. माणसांची नजर दिवसेंदिवस अधू होतेय, तेव्हा चष्मेवाल्याने तक्रार करू नये.

आता खरी बातमी. बाबा दर शनिवारी ज्या छंदमंडळात मुलांना सुतारकाम शिकवतात, तिथे नवा नियम आलाय. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची चारित्र्य पडताळणी. पोलिसांचा दाखला, ओळख देणारी दोन माणसं, लहानपणापासून कुठे कुठे राहिलात त्याची माहिती, आणि वर बालसुरक्षा कार्यालयातल्या बाईंशी समोरासमोर मुलाखत. सूचना फळ्यावर लागली आणि मंडळात नुसता कल्लोळ उडाला. बुद्धिबळाच्या सरांनी ती आपल्या सात पिढ्यांवरची चढाई मानली. गाण्याच्या बाईंचा आवाज बसला. पोहण्याचे मास्तर म्हणाले, की त्यांनी अख्ख्या गावाला तरंगायला शिकवलं आणि आता गाव त्यांच्याकडे दाखला मागणार. अध्यक्षांनी दीड तास भाषण केलं. विषय होता, वेळेचा अपव्यय.

बाबांनी मात्र फळ्यासमोर उभं राहून सूचना वाचली, चष्मा काढून खिशात ठेवला, घरी आले आणि हत्यारांच्या कपाटाची किल्ली माझ्यापुढे ठेवून म्हणाले, की ही मंडळात देऊन ये, आता डोळे साथ देत नाहीत. ताई, ते डोळे मी गेल्याच महिन्यात तपासलेत. या वयात इतकी चांगली नजर असणं हा आमच्या धंद्याचा अपमान आहे. तेव्हा डोळ्यांचं निमित्त. बाबा दुखावलेत, दुसरं काही नाही. आई गेल्यापासून शनिवार हा त्यांचा एकच वार उरलाय, बाकीचे सहा ते नुसते ओलांडतात. आणि तोच त्यांनी सोडून दिला. गॅलरीत बसून एकाच फळीला रंधा मारत असतात. फळी आता वहीच्या पुठ्ठ्याएवढी राहिलीय.

म्हणून मी एक केलंय. बाबांना कळू न देता त्यांचा अर्ज मीच भरलाय. सही मला शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून येते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! फक्त ‘बालपणीचे वास्तव्य’ या रकान्यात अडलो. तिथे ‘एकत्र कुटुंब, सुमारे चाळीस भावंडे’ असं घातलंय. आठवतं ना, बाबा सांगायचे ते, एका ओळीत ताटं, एका ओळीत अंथरुणं, सकाळी घंटा झाली की सगळी पोरं एकदम नळावर? आपण दोघंच, म्हणून काय जळायचो आपण त्या गोतावळ्यावर! त्या घरातली आत्या, जी सगळ्यांना वाढायची, तिचं नाव काय होतं गं? आणि गाव? लवकर कळव, अर्ज टाकायचाय.

लोभ आहेच, ओरडण्याआधी तो आठवावा.

तुझा
टिल्लू

*

दि. १३ जून

चि. टिल्लूस,
ताईचे आशीर्वाद आणि एक धपाटा. दोन्ही याच पाकिटात आहेत.

पन्नाशी आली आणि अजून बापाची सही मारतोस! तीही कुठल्या कागदावर, तर माणूस खरा आहे की नाही ते बघायच्या. तुझ्यासारख्या भल्या मुलामुळे बाबांवर पहिला ठपका येईल, तो बनावट सहीचा.

आधी तुमच्या मंडळातल्या रुसलेल्या मंडळींबद्दल. ऑपरेशन संपत आलं, की पोट शिवण्याआधी मी हत्यारं आणि कापसाचे बोळे मोजते. आमचे मोठे सर्जन, ज्यांच्या हातावर लोक फुलं वाहतील, तेही माझी मोजणी होईपर्यंत सुई धरून गप्प उभे राहतात. आजवर एकदाही त्यांनी म्हटलं नाही, की सिस्टर, माझ्यावर संशय घेता? मोजणी त्यांच्यासाठी नसतेच. टेबलावर झोपलाय त्याच्यासाठी असते, कारण त्याला विचारता येत नाही. हे तुमच्या पोहण्याच्या मास्तरांना सांग. बुद्धिबळवाल्यांना सांगू नकोस, ते तीन दिवस विचार करतील.

आता बाबा. त्यांचा अपमान झालाय, असं तू लिहितोस. बाबांचा अपमान करणं इतकं सोपं असतं, तर आईने जन्मभर एवढी मेहनत कशाला घेतली असती? टिल्लू, ते रुसलेले नाहीत. मला वाटतं ते घाबरलेत.

तुझं पत्र आल्यापासून मी त्या आत्याचं नाव आठवतेय. बसमध्ये, ड्यूटीवर, कपडे वाळत घालताना. शेवटी लक्षात आलं, की आत्या नव्हतीच. बाबांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकलेलाच नाही. ती आपण दोघांनी घातली, कारण चाळीस पोरांना कुणीतरी जेवायला वाढत असणार. बाबा एवढंच म्हणायचे, की आम्ही खूप जण होतो. आजी म्हणाले नाहीत, काका म्हणाले नाहीत. घर हा शब्दसुद्धा आपलाच असेल.

आणि ती चाळीस भावंडं कुठायत? माझ्या लग्नात सासरकडून असे लोक आले, ज्यांना सासरचेही ओळखत नव्हते. तुझ्या लग्नात तर हॉलचा मालक पंगतीला बसला. बाबांच्या बाजूने कोण आलं? कारखान्यातले दोन सुतार, तेही लवकर गेले. चाळिसांतलं एकही आलं नाही, एकाचं पत्र नाही, आई गेली तेव्हाही नाही. आणि आपल्या दोन शहाण्या डोक्यांत इतक्या वर्षांत हे आलं नाही.

तेव्हा अर्ज टाकू नकोस. किल्ली परत करू नकोस. आणि बाबांना काही म्हणजे काही विचारू नकोस. नुसता गॅलरीत त्यांच्याजवळ बस. न बोलता बसणं तुला जड जाईल, पण वजन तुला पेलतं असं वहिनी म्हणतेच.

लोभ कमी झालेला नाही, धपाट्यावरून तसा समज करून घेऊ नये.

तुझी
ताई

*

दि. २० जून

ती. ताईस,
गाल चोळत चोळत सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच अर्ज गेला होता. परवा बालसुरक्षा कार्यालयातून दुकानात फोन. बोलणारी बाई आवाजावरून नुकतीच कॉलेजातून सुटलेली वाटली. तिने विचारलं, सही कुणाची? मी म्हटलं, वडिलांची. तिने विचारलं, केली कुणी? मी समोरच्या गिऱ्हाइकाचा चष्मा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. मग ती शांतपणे म्हणाली, की अर्ज ज्याचा त्यानेच भरायचा असतो, म्हणून हा बाद धरतेय, आणि चाळीस भावंडांचं वाचून कार्यालयात सगळ्यांनाच भेटीची उत्सुकता आहे.

पण ते आता मागे पडलं होतं, कारण अध्यक्षांनी तोडगा काढला. असे तोडगे काढायला माणूस जन्मालाच यावा लागतो. मंडळाने ठराव केला, की ज्येष्ठ मंडळी ही शिक्षक नाहीतच, ती ‘सन्माननीय पाहुणे’ आहेत. आणि पाहुण्याला कुणी दाखला विचारतं का? झालं. बाबा पाहुणे, पोहण्याचे मास्तर पाहुणे, बुद्धिबळाचे सर पाहुणे, आणि दरवर्षी मुलांना शिबिराला नेणारे खुद्द अध्यक्ष, तेही पाहुणे. गाण्याच्या बाईंचं वय पाहुणे होण्याइतकं नाही, असं ठरलं. त्यांनी तो सन्मान मानायचा की नाही, यावर त्यांचा विचार चालू आहे.

मला तर हायसं वाटलं. बाबा ज्याला घाबरलेत ते जे काही असेल, त्याला हात न लावता त्यांचा शनिवार परत मिळत होता. जेवताना मी त्यांना ही बातमी दिली. बाबांनी विचारलं, पोहण्याच्या मास्तरांनाही कुणी काही विचारणार नाही? मी म्हटलं, कुणीच नाही, तीच तर सोय आहे. शिबिराला जाणाऱ्यांनाही नाही? मी म्हटलं, नाही. मग त्यांनी विचारलं, की ठराव मांडताना अध्यक्ष काय म्हणाले. मी अध्यक्षांची नक्कल करून सांगितलं, की ही सगळी आपलीच माणसं, आपल्या माणसाची कसली तपासणी?

ताई, बाबांच्या हातातला चमचा खाली आला. मी हसत होतो, तसाच राहिलो. बाबा उठले, किल्ली मागून घेतली आणि म्हणाले, त्या कार्यालयातल्या बाईंचा नंबर लाव. मी लावतो म्हणत होतो, तर फोन त्यांनी स्वतःच घेतला. दोनदा आकडा चुकला. तिसऱ्यांदा लागला. ते एवढंच म्हणाले, की मी पाहुणा नाही, मी मुलांना शिकवतो, माझी पडताळणी करायला या, मी तुम्हाला जागाही दाखवतो आणि सांगायचं तेही सांगतो. बुधवार ठरलाय.

मला काही कळेना. पडताळणी नको म्हणून ज्यांनी शनिवार सोडला, त्यांना ती माफ झाल्यावर पाहिजे! मी तोंड उघडलं, पण तुझं पत्र आठवून मिटलं. गॅलरीत जाऊन त्यांच्याजवळ बसलो. फळी त्यांनी बाजूला ठेवली होती.

लोभ असावा, आणि बुधवारी जमलं तर माझी आठवण काढावी.

तुझा
टिल्लू

*

दि. २८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. आज माझ्याकडे विनोद नाही. काल एकदा लिहायला घेतलं होतं, त्यात होते, फाडून टाकलं.

बाई आल्या. अंगाने एवढ्याशा, खांद्यावरची पिशवी त्यांच्यापेक्षा मोठी. मंडळाची सुतारकामाची खोली तू पाहिलेली नाहीस. वाचनालयाच्या मागे, लांबट, एका भिंतीला हत्यारांचं कपाट, मधोमध मुलांचं लांब टेबल. बाई आत आल्या आणि चौकटीत थांबल्या. चौकटीवर बोटं फिरवली, जिथे बिजागऱ्यांचे स्क्रू होते तिथली बुजवलेली भोकं चाचपली, आणि विचारलं, की या खोलीचं दार कुठाय? बाबांनी टेबलावर थाप मारली. ते टेबल म्हणजेच ते दार. पहिल्याच दिवशी त्यांनी ते उतरवून त्याला पाय लावले होते. इतकी वर्षं आम्ही सगळे त्याला बाबांची काटकसर म्हणत होतो. बाईंनी टेबलाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि पिशवी न उघडताच बसल्या.

नियमाप्रमाणे मी बाहेर जायला हवं होतं. बाबा म्हणाले (अर्जाचं बाईंनी त्यांना फोनवरच सांगितलं होतं), तो राहू दे, त्याने माझा अर्ज चुकीचा भरलाय, बरोबर काय ते त्याला कळू दे.

मग ते बोलले. गिऱ्हाइकाला कपाटाची मापं सांगावीत, तितक्या साध्या आवाजात. ते घर नव्हतं, ताई. ते अनाथ मुलांचं बालगृह होतं. तिथेच ते वाढले, तिथेच त्यांचा हात लाकडाला लागला. बालगृहाचा अधीक्षक गावातला फार मोठा माणूस. भाषणं करायचा, हार घ्यायचा, सगळे त्याला काका म्हणायचे. त्याच्या खोलीला आतून कडी होती. संध्याकाळी तो एखाद्या मुलाला हाक मारायचा. इथे बाबा थांबले. बाईंनी फार हळू विचारलं, की तुम्हालाही? बाबा हो म्हणाले, आणि घड्याळात किती वाजले ते सांगितल्यासारखे पुढे गेले. मी त्यांच्या पायातल्या चपलांकडे बघत होतो. दुसरीकडे कुठे बघायचं, ते सुचेना.

अकरा वर्षांचे होते ते. आधी स्वयंपाकिणीला सांगितलं. तिने तोंडावर बोट ठेवलं. मग दर महिन्याला देखरेखीला येणाऱ्या विश्वस्तांना सांगितलं. त्यांनी डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाले, असं बोलू नये बाळ, ते आपले माणूस आहेत. तेव्हा बाबांनी सुतारकामाच्या वर्गातून पेचकस घेतला आणि ती कडी काढून विहिरीत टाकली. नवी बसवली, तीही काढली. चोरीबद्दल मार खाल्ला. पुन्हा बसवली, पुन्हा काढली.

मग वार्षिक समारंभ आला. अंगणात खुर्च्या, खुर्च्यांवर पाहुणे, अधीक्षक बोलायला उभा. आणि ताई, आपले बाबा आणि त्यांच्यासारखी चार पोरं त्या खोलीचं दार, कडीसकट, अख्खं उचलून अंगणात घेऊन आली आणि पाहुण्यांच्या पुढ्यात आडवं ठेवलं. सकाळपासून सगळे मांडव घालण्यात गुंतलेले असताना बाबांनी बिजागऱ्या मोकळ्या करून ठेवल्या होत्या. कुणीतरी ओरडलं, की हा काय प्रकार आहे. बाबा म्हणाले, याची कडी आतून लागते. एवढंच. मग बाकीची पोरं एकेक करून खुर्च्यांमधून आली आणि त्या दारामागे उभी राहिली. लहानातली लहान सुद्धा. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. पाहुण्यांत एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या उठल्या, पदर खोचला आणि दाराजवळ जमिनीवर येऊन बसल्या. म्हणाल्या, मला सांग.

पुढे कोर्ट झालं. बाबा तिथे बोलले. त्या माणसाला शिक्षा झाली आणि बालगृह बंद पडलं. मुलांची पांगापांग झाली, जिथे जागा मिळेल तिथे. कुणाला दत्तक घेतलं, कुणाची आडनावं बदलली, बाबांचंही बदललं. आपल्या लग्नांना कुणाला बोलवायचं, ते बाबांना माहीतच नव्हतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. ती भावंडं होतीच, ताई. खोटं बाबा एक अक्षर बोलले नव्हते.

त्या खटल्यात आणखी एक गोष्ट निघाली, ती बाबांनी सगळ्यात शेवटी सांगितली. त्या माणसाला आधीच्या दोन ठिकाणांहून गुपचूप काढून टाकलं होतं. बालगृहाने त्याला नेमताना तिथे एकदाही विचारलं नव्हतं, कारण एवढ्या भल्या माणसाबद्दल विचारायचं कसं! बाबा म्हणाले, तुमची सूचना वाचली तेव्हा मी घाबरलो. हे सगळं निघेल, मुलांना कळेल, आणि ती माझ्याकडे दयेने बघतील, म्हणून शनिवारच सोडून दिला. पण आपल्या माणसाची कसली तपासणी, यात तेच ‘आपले माणूस’ परत कानावर आले, तेव्हा वाटलं, की मी माफी घेतली तर त्याच आडोशाला दुसरा कुणी उभा राहील, आणि तो आडोसा मी धरलेला असेल.

मला वाटलं, आता बाई पाया पडतील आणि दाखला इथेच लिहून देतील. मी म्हटलंही, की आता बाकीचं काय विचारायचं राहिलंय? बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी परत सहावीत गेलो. आणि बाईंनी डोळे पुसले, पिशवी उघडली, आणि पहिल्यापासून सगळे प्रश्न विचारले. एकही गाळला नाही. तुमच्याविरुद्ध कधी तक्रार? मुलगा रडला तर काय करता? एखाद्या मुलाने तुम्हाला गुपित सांगितलं तर ते कुणाला सांगता? बाबांनी प्रत्येकाला नीट उत्तर दिलं. मुलाच्या हाताला कापलं तर, यावर त्यांनी पट्टी कशी बांधायची हे करूनच दाखवलं, माझ्या बोटावर. दोन ओळख देणारी माणसं अजूनही हवीत, असं बाई म्हणाल्या. बाबांना ते इतकं आवडलं, की त्यांनी बाईंना पाणी विचारलं.

मी त्या दोघांकडे बघत होतो. एक म्हातारा, एक पोरगी, मध्ये ते दार. जन्मभर मी लोकांना दिसेल असं करण्याचा धंदा केला. माझा बाप माझ्याच घरात राहत होता.

आज जास्त लिहवत नाही. लोभ असावा, फार असावा.

तुझा
टिल्लू

*

दि. ५ जुलै

ती. बाबांस,
ठमीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

टिल्लूचं पत्र आलं. तुम्ही त्याला लिहू दिलंत, म्हणजे मला कळावं असं तुमच्या मनात होतं, असं धरून चालते.

मी पत्र वाचलं आणि ड्यूटीला गेले. दिवसभर मोजणी केली, एकदाही चुकले नाही. संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसले आणि तशीच बसून राहिले. बरोबरच्या मुली घाबरल्या. मी त्यांना म्हटलं, काही नाही, माझ्या वडिलांनी एक दार उचललंय. त्यांना वाटलं, तुमची पाठ धरली. एकीने मलम दिलं. ते सोबत पाठवतेय, गुडघ्याला चालेल.

दया वगैरे काही आली नाही, बाबा. तुम्ही उगाच घाबरलात. मला सारखं तेवढंच दिसतंय, की एवढ्या उंचीची पोरं, खुर्च्यांवर मोठी माणसं, आणि मधून ते दार चाललंय. इतकं मोठं काही मी आजवर ऐकलेलं नाही, आणि ते आमच्याच घरात डाळ-भाजी आणत होतं, माझ्या वह्यांना कव्हरं घालत होतं.

विचारायचं ते वेगळंच. तुम्ही सांगायचात, की ताटं एका ओळीत. तर तुमच्या डावीकडे कोण बसायचं? आणि उजवीकडे? मला माझे काका-आत्या हवे आहेत. आम्ही एक आत्या मनाने घातली होती, आता खऱ्या द्या.

मंडळाने तुमचं काय ठरवलं, तेही कळवा. टिल्लूला विचारलं तर तो अध्यक्षांच्या नकलेतच पाकीट संपवेल.

लोभ मागत नाही, तो न मागता मिळाला आहे.

तुमची
ठमी

*

दि. २ ऑगस्ट

चि. ठमीस,
बापाचे आशीर्वाद.

मलम गुडघ्याला लागू पडलं. उत्तराला उशीर झाला, कारण मंडळाचं ठरेपर्यंत थांबलो होतो. आधी तेच सांगतो. दाखला आला. ठराव मागे घेतला. अध्यक्षांनी आधी मला बाजूला घेऊन समजावलं, मग रागावले, मग पालकांची सभा झाली, आणि पालकांनी त्यांना वेळेच्या अपव्ययाची आठवण करून दिली. आता ते मुलाखत देऊन आलेत आणि भेटेल त्याला मुलाखत किती छान झाली ते सांगतात. शिबिराला दोन मोठी माणसं बरोबर जाणार, एकटा कुणीच नाही, असं ठरलं. बुद्धिबळाचे सर अर्ज भरताहेत, एकेक रकाना विचार करून. पोहण्याचे मास्तर म्हणाले, वेळ होत नाही, आणि आले नाहीत. का आले नाहीत, मला माहीत नाही. उगाच कुणाबद्दल बोलू नये. आपल्याला माहीत नसतं, म्हणूनच तर विचारायचं.

डावीकडे बसायचा त्याला आम्ही लांब्या म्हणायचो. स्वतःची पोळी अर्धी करून द्यायचा आणि वर सांगायचा, की त्याला भूक नसते. दाराचं पुढचं टोक त्याच्या खांद्यावर होतं. उजवीकडे एक लहान मुलगी, चिमणी. ती जेवताना माझा सदरा धरून ठेवायची. त्या दिवशी पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून पहिली आली ती तीच. आता ती सत्तरीची झाली असेल. बाईंना मी विचारलं, की अशी माणसं शोधता येतात का. त्या म्हणाल्या, वचन देत नाही, पण जुने कागद कुठे असतात ते मला माहीत आहे. टिल्लू त्यांच्याबरोबर जाणार आहे. त्याने सही कुठेच करायची नाही, असं मी बजावलंय.

शनिवारी वर्ग पुन्हा सुरू झाला. यंदा एक नवी मुलगी आली आहे, पुढचे दोन दात पडलेले, तोंडाने फटकळ. त्या वयात तू होतीस तशी. दाखला मी टेबलावर ठेवला होता, तो तिने उचलून वाचला आणि विचारलं, की तुमचं काय तपासलं. मी म्हटलं, मुलांनी या माणसाला भ्यायला हवं की नको, ते. तिने विचारलं, मग आम्हाला विचारलं का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग विचारा.

ठमे, कोर्टात मी घाबरलो नव्हतो. तेव्हा समोर मोठी माणसं होती, आणि त्यांच्याकडून मला फारशी अपेक्षा नव्हती. यावेळी घाबरलो. मी करवत खाली ठेवली आणि विचारलं. तुम्हाला कुणाला माझी भीती वाटते का? आत्ता सांगितलं नाही तरी चालेल, घरी सांगा, कार्यालयातल्या बाईंना सांगा.

एक म्हणाला, मोठ्या करवतीची वाटते. दुसऱ्याने सांगितलं, मी गुणगुणतो ते फार बेसूर असतं आणि त्याला त्याची भीती वाटते. एकीने माझ्या चहाच्या थर्मासला वास येतो अशी तक्रार केली, ती खरी आहे. सगळे हसले. ती फटकळ मात्र हसली नाही. विचार करत होती. मी वाट पाहिली. माझ्याबद्दल कुणी इतका वेळ विचार केल्याचं मला आठवत नाही.

मग ती म्हणाली, की तिने वाकडं कापलं की मी लाकडाकडे बघतो, तिच्याकडे बघत नाही. म्हणून ती पुढच्या शनिवारी येणार आहे.

तिच्या हाताच्या मापाची करवत नव्हती. आज एक जुनी कापून लहान केली, दात कानशीने घासले, मूठ बसवली. मूठ अजून थोडी जाड वाटते. उद्या पुन्हा तासेन.

लोभ आहेच. हवा तर तपासून घे.

तुझा
बाप